आमदाराचं खरं काम काय, आणि त्या कामाला लायक माणूस ओळखायचा कसा

विधानसभा निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात मामेबहिणीचं लग्न होतं. अक्षता पडायच्या बेतात आणि मंडपाच्या तोंडाशी एकदम गडबड उडाली, आमदार आले. माइकवाल्याने मंगलाष्टकं थांबवून स्वागत केलं, आमदारांनी नवरा-नवरीला आशीर्वाद दिले, शाल-नारळ घेतला आणि दहा मिनिटांत निघाले, त्या दिवशी त्यांना अजून सहा लग्नं करायची होती असं त्यांचे पीए सांगत होते. मामा एकदम खूश. पंगतीत मला म्हणाला, "माणूस बघ किती साधा, एवढ्या उन्हात आला. मत ह्यालाच." मी विचारलं, मामा, पण विधानसभेत त्यांनी पाच वर्षांत काय केलं? तर म्हणाला, "ते मला काय माहीत बाबा, पण आपल्या वाडीत हायमास्ट दिवा बसवलाय की."

मामाला मी दोष देत नाही, कारण आमदार विधानसभेत जाऊन नक्की काय करतो हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. नागरिकशास्त्रात दोन मार्कांसाठी पाठ केलेलं तेवढंच. मग आपण जे दिसतं त्यावरून माणूस मोजतो, लग्नाला आला का, मयताला आला का, फोन उचलतो का, दिवा लावला का. आता ह्या गोष्टी वाईट नाहीत हां, जो माणूस सुखदुःखात येतो त्याला निदान लोकांची ओळख असते. पण आपण त्याला ज्या कामासाठी मुंबईला पाठवतो ते काम हे नाही, आणि ह्याच गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी कुणाचं काम काय ते. गटार, गावातला दिवा, नळाचं पाणी, कचरा हे ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं काम, त्यासाठी आपण सरपंच आणि नगरसेवक वेगळे निवडतो. रेल्वे, नॅशनल हायवे, आयकर, बँका हे दिल्लीचं, म्हणजे खासदाराचं. आणि मधलं जे सगळं, पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा, पाटबंधारे, सातबारा, एसटी, ते राज्याचं. आमदार हा ह्या मधल्या गोष्टींचे कायदे करायला, त्यांचा पैसा मंजूर करायला आणि सरकारला जाब विचारायला असतो. सत्ताधारी पक्षाचा असला तरीही जाब विचारायला, हे आपण विसरतो, कारण मंत्रिमंडळ म्हणजे सरकार, बाकीचे सगळे आमदार हे त्या सरकारवर लक्ष ठेवायला असतात.

आता कायद्याच्या भाषेत लायक कोण, तर ती यादी इतकी छोटी आहे की वाचून आश्चर्य वाटतं. भारताचा नागरिक पाहिजे, विधानसभेसाठी वय २५ पूर्ण, विधान परिषदेसाठी ३०, राज्यात कुठे तरी मतदार यादीत नाव पाहिजे, सरकारी लाभाचं पद नको, दिवाळखोर नको, कोर्टाने वेडा ठरवलेला नको, आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेली नको (झाली तर सुटल्यानंतर पुढची ६ वर्षंही उभं राहता येत नाही). अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मुख्य अटी एवढ्याच. म्हणूनच २०२४ च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४१३६ उमेदवार उभे होते, म्हणजे एका जागेला सरासरी १४, आणि कायद्याच्या नजरेत हे चौदाच्या चौदा सारखेच लायक.

घटनाकारांना हे कळत नव्हतं असं नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला, ज्या दिवशी घटना स्वीकारली त्याच दिवशी, घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी भाषणात ही खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याला आपण मोठमोठ्या पात्रता लावतो पण कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे काहीच अट नाही, हे विसंगत आहे असं ते म्हणाले. आणि पुढे हेही म्हणाले की कायदा करणाऱ्याला बुद्धी लागते, पण त्याहून जास्त समतोल विचार आणि चारित्र्य लागतं, आणि माणसाचं चारित्र्य मोजायची पट्टी काही तयार करता येत नाही. मला हे फार पटतं. पट्टी कायद्यात बसवता आली नाही म्हणून ती मतदाराच्या हातात दिलीय, असं मी त्याचं वाचन करतो.

इथे कुणी तरी म्हणणारच, मग शिक्षणाची अट घाला ना, ग्रॅज्युएट पाहिजे म्हणा. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या निवडणुकीला शिक्षणाची अट घातली आणि सुप्रीम कोर्टाने ती त्याच वर्षी कायमही केली, पण माझं मत विचाराल तर ही पट्टी चुकीची आहे. आपल्याकडे वसंतदादा पाटील फारसे शिकलेले नव्हते आणि त्यांच्याच सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्या निर्णयाचं पुढे काय बरंवाईट झालं त्यावर वाद घाला, पण डिग्री नसलेल्या माणसाने राज्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा रस्ता वळवला हे तर खरंच. आणि ज्या बाईला गरिबीमुळे सातवीत शाळा सोडावी लागली, ती शाळेतल्या गळतीवर एखाद्या पीएचडीवाल्यापेक्षा नेमकं बोलू शकते. लागतं काय तर समोर आलेला कागद समजून घ्यायची चिकाटी आणि न समजलं तर विचारायची लाज नसणं.

कागद म्हणजे काय ते दाखवतो, कारण आमदाराचं काम सगळ्यात स्पष्ट दिसतं ते तारांकित प्रश्नात. विधानसभेत अधिवेशनाच्या दिवशी सकाळी प्रश्नोत्तराचा तास असतो, त्यात आमदारांनी आधीच लेखी दिलेले प्रश्न छापलेले असतात आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. प्रश्नाची भाषा ठरलेली आहे, साधारण अशी,

(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद रिक्त असल्याचे माहे जानेवारीमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, त्यामुळे गरोदर महिलांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागत आहे, हेही खरे आहे काय,
(३) असल्यास, उक्त पद भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

वाचायला कोरडं वाटतं, पण बघा ह्यात काय होतं. तुमच्या तालुक्यातली एक बाई रात्री दोन वाजता जीपमधून ६० किलोमीटर जाते, ती गोष्ट ह्या चार ओळींत बसते आणि मंत्र्याला त्याखाली लिहावं लागतं, "हे खरे आहे" किंवा "हे अंशतः खरे आहे" किंवा "हे खरे नाही". खालच्या ऑफिसपासून मंत्रालयापर्यंत फाइल हलते कारण उत्तर द्यायचंय. जिल्ह्यातून माहिती मागवली जाते, आरोग्य अधिकाऱ्याला सही करावी लागते. आणि चांगला आमदार असेल तर तो छापलेल्या उत्तरावर गप्प बसत नाही, उपप्रश्न विचारतो, पद किती दिवसांत भरणार ते सांगा, तारीख सांगा. मंत्र्याने सभागृहात सांगितलं "तीन महिन्यांत भरू" की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनं पाळली का बघायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती आहे. वाईट आमदाराचा प्रश्न पुकारला जातो तेव्हा तो जागेवरच नसतो.

प्रश्नाशिवाय लक्षवेधी सूचना आहे (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायला), अर्धा तास चर्चा आहे, अर्थसंकल्पावर कपात सूचना आहे (एखाद्या खात्याचा पैसा कमी करा असं सुचवून त्याला जाब विचारायला), अशासकीय विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेला साधा आमदारसुद्धा स्वतः कायद्याचा मसुदा मांडू शकतो. आणि समित्या आहेत, लोकलेखा, अंदाज, पंचायत राज वगैरे, जिथे कॅमेरा नसतो, घोषणा नसतात, फक्त अधिकाऱ्यासमोर बसून हिशोब बघायचा असतो. माझ्या मते माणसाची खरी परीक्षा समितीत होते कारण तिथे टाळ्या मिळत नाहीत.

पैशाचं एक गणित करू, मला स्वतःला हे केल्यावर धक्का बसला होता. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, आपण जे "आमदार फंडातून" अशा पाट्या बघतो ते हे. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ मिळून ३६६ आमदार, म्हणजे झाले १८३० कोटी. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटींच्या घरातलं. म्हणजे राज्याच्या शंभर रुपयांतले फक्त सव्वीस पैसे आमदार फंडाचे. उरलेले ९९ रुपये ७४ पैसे कुठे जातात त्यावर हात वर करून मंजुरी देण्याचं काम ह्याच आमदाराचं आहे, आणि आपण पाच वर्षं चर्चा करतो ती त्या सव्वीस पैशांवर, सभामंडप कुणी बांधला, दिवा कुणी लावला. जो उमेदवार प्रचारात फक्त सभामंडपांची यादी वाचतो, त्याला तुम्ही मोठ्या रकमेबद्दल एकदा तरी विचारा.

आणि एकटा आमदार काय करू शकतो असं वाटत असेल तर आपल्याच इतिहासातली ही माणसं बघा.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं, पण प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नव्हती, आणि मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. आपण सत्याग्रह लक्षात ठेवतो, ठेवलाच पाहिजे, पण त्या ओंजळीच्या मागे कायदेमंडळातला एक ठराव होता हेही लक्षात ठेवा. तेच बाबासाहेब १९३७ ला निवडून येऊन मुंबई विधानसभेत गेले आणि १७ सप्टेंबर १९३७ ला कोकणातली खोती (जमीनदारीसारखी पद्धत) बंद करायचं विधेयक त्यांनी मांडलं. सरकार त्यांचं नव्हतं, बहुमत नव्हतं, विधेयक काही पास झालं नाही. पण विषय सभागृहात आला तो परत बाहेर गेला नाही, शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले, आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. हरणारं विधेयक मांडायलाही माणूस लागतो.

तिसरे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. दुष्काळात मजुराला काम मागायचा हक्क असला पाहिजे हा विचार त्यांनी धरून ठेवला, १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग करून बघितला, आणि त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ ला विधिमंडळाने तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला, आणि २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जातो ना, तो महाराष्ट्रात १९७५ ला रोजगार हमीला पैसा उभा करायलाच आला. शहरात पगार घेणाऱ्याने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा वाटा उचलायचा, अशी ती बांधणी होती. इतका साधा आणि इतका खोल विचार विधिमंडळात बसलेल्या माणसाने केला, त्याला मी लायकी म्हणतो.

आता एक अवघड प्रश्न. आमदार म्हणजे आपला निरोप्या की आपला कारभारी? म्हणजे मतदार जे म्हणतील तेच त्याने सभागृहात बोलायचं की स्वतःच्या बुद्धीने ठरवायचं? समजा मतदारसंघातल्या बहुसंख्य लोकांना एखाद्या वस्तीला पाण्याची लाइन द्यायची नाहीये, मग त्याने काय करायचं? माझं उत्तर असं की आपलं दुःख त्याने जसंच्या तसं न्यावं पण आपला राग जसाच्या तसा नेऊ नये. आणि आपल्या मताविरुद्ध वागला तर परत येऊन गावात उभं राहून कारण सांगावं. जो कारण सांगायला येतो त्याच्याशी भांडता येतं.

पण मध्ये पक्ष येतो. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षाने व्हीप (मतदान असंच करा असा आदेश) काढला आणि आमदाराने त्याविरुद्ध मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते. हा कायदा "आयाराम गयाराम" थांबवायला आणला, २००३ ला अजून कडक केला, आणि तरी महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ मध्ये काय झालं ते आपण टीव्हीवर बघितलं, गोव्यात ४० जणांच्या सभागृहात २०१९ ला काँग्रेसचे १० आमदार एकदम भाजपमध्ये गेले आणि २०२२ मध्ये पुन्हा ८ गेले, ते पण निवडणुकीआधी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतल्यावर. कोण बरोबर कोण चूक हे ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच म्हणायचंय की व्हीप फक्त मतदानाला लागतो, प्रश्न विचारायला, समितीत हिशोब बघायला, लक्षवेधी लावायला तो आड येत नाही. "पक्षामुळे काही बोलता येत नाही" असं जो सांगतो त्याने निम्मंच सांगितलेलं असतं.

आपला माणूस म्हणजे आपल्या जातीचा, हेही बोललं पाहिजे. विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातींना आणि २५ अनुसूचित जमातींना राखीव आहेत आणि त्या असल्याच पाहिजेत, कारण ज्याने भोगलंय त्याच्या तोंडून ते सभागृहात येणं वेगळंच असतं. पण आडनाव बघून मत देताना एक करा, त्या माणसाने आपल्याच समाजातल्या सगळ्यात गरीब घरासाठी काय केलं ते विचारा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

मतदानाआधी करायची एक गोष्ट अगदी हातातली आहे. उमेदवाराने फॉर्मसोबत प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, नमुना २६, ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती जाणून घेणं हा मतदाराचा हक्क झाला. मी मागच्या वेळी आमच्या मतदारसंघातल्या मुख्य तीन उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मोबाइलवर वाचली, तास-दीड तास गेला. आधी गुन्ह्यांचा रकाना बघा, पण डोळे मिटून मोजू नका, कलम वाचा. पाण्यासाठी रस्ता अडवल्याची केस वेगळी आणि खंडणीची केस वेगळी, आंदोलन करणाऱ्या माणसावर केसेस असणारच. मग पाच वर्षांचं उत्पन्न बघा आणि शेजारी मालमत्ता ठेवा, मागच्या निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्रही तिथेच सापडतं, दोन्ही जोडून बघा. व्यवसाय "शेती" आणि मालमत्ता मात्र पाच वर्षांत कितीतरी पट, असं दिसलं तर कशी वाढली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सरकारी थकबाकी बघा. सरकारी कंत्राटांचा रकाना तर नक्की बघा, ज्याचा धंदाच सरकारी कंत्राटावर चालतो तो त्या खात्याच्या मंत्र्याला काय प्रश्न विचारणार? आणि गुन्हे असलेला उमेदवार का निवडला, दुसरा का मिळाला नाही, हे पक्षाने लेखी जाहीर करायचं असतं, २०२० चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, "निवडून येऊ शकतो" एवढं कारण चालत नाही.

आधी आमदार असलेला उमेदवार असेल तर काम अजून सोपं, विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज असतं, नाव शोधा. पीडीएफ जुन्या पद्धतीच्या आहेत, शोधताना जीव जातो, पण सापडतं.

साधेपणाबद्दल शेवटी बोलतो, कारण मामाचा मुद्दा तोच होता. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले, मध्ये १९७२ आणि १९९५ ला हरले, आणि तरी एकूण ११ वेळा निवडून आले, सगळ्या वेळा शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून लोक त्यांना ओळखायचे. पण सांगोल्याने त्यांना फक्त एसटीसाठी निवडलं नाही. दुष्काळी तालुका, आणि हा माणूस दशकानुदशकं पाणी, सिंचन योजना, रोजगार हमी हेच विषय घेऊन सभागृहात उभा राहायचा. साधेपणा आणि काम एकाच माणसात होतं म्हणून ती गोष्ट आपण सांगतो.

प्रचारात आमच्या चौकात कोपरा सभा झाली. भाषण संपल्यावर मी हात वर केला आणि विचारलं, साहेब, आपल्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाला डॉक्टर नाही, मागच्या पाच वर्षांत ह्यावर विधानसभेत तुम्ही एक तरी प्रश्न लावला का? साहेब क्षणभर थांबले, तेवढ्यात एका कार्यकर्त्याने माइक घेतला आणि घोषणा सुरू केल्या, सभा आटोपली. मागे उभा असलेला मामा घरी जाताना काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला अनोळखी नंबरवरून फोन आला, साहेबांचे पीए होते, म्हणाले, तुमचा तो रुग्णालयाचा विषय काय होता, जरा व्यवस्थित लिहून पाठवता का.

मी आणि मामा रात्री बसलो. किती महिन्यांपासून पद रिकामं आहे ते मामाने गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना फोन करून विचारून घेतलं, जिल्ह्याला नेलेल्या बायकांचा आकडाही त्यांच्याकडेच मिळाला. चार ओळी झाल्या, शेवटची मामाने स्वतः टाइप केली, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं.